लायब्ररीत डेव्हीचे नंबर (विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे द्यायची पद्धत) हवेत कशाला? दुकानासारखी कपाटं का नकोत?

पाटोकर:
अमेरिकेत ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावची पेरी लायब्ररी २००७ मध्ये सुरू झाली तीच डेव्हीशिवाय, पुस्तकांच्या दुकानात असतात तसे विभाग, स्वयंपाक, बागकाम, इतिहास, लोक फिरत फिरत बघतात नि घेऊन जातात. आपल्याकडे गोव्याबद्दल वाचायचं तर इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय) २७२.२ ला म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या कपाटात, इतिहास ९५४ कडे, शागोतीची पाककृती ६४१.५ मध्ये आणि पोर्तुगीज कविता ८६९ ला. गोव्यात बसून गोवा एका जागी मिळत नाही! सरळ 'गोंय' असं एक कपाट करा की.

रॅकवाली:
गोव्याचं वेगळं कपाट करायला डेव्ही कुठे आड येतो? नंबर तसेच ठेवून स्थानिक विभाग करतातच. आणि कॅटलॉग वेगळा, मांडणी वेगळी, त्याची खिचडी नको. मी हे काम करते म्हणून सांगते, बा. भ. बोरकर मराठीतही लिहायचे, कोकणीतही. नंबराने मराठी कविता ८९१.४६१ ला जाते, कोकणी वेगळी राहते. तुमच्या 'कविता' कपाटात दोन्ही शेजारी शेजारी, लिपी देवनागरीच, पाठीवरचं नाव वाचून भाषा कळत नाही, मग उभ्याने एकेक पुस्तक उघडून बघत बसा.

पाटोकर:
मग कोकणीला हिरवी पट्टी चिकटवा, त्यात काय एवढं.

रॅकवाली:
झालं, म्हणजे तुम्हीच वर्गीकरण सुरू केलंत 😄

सांगेचो वाचपी:
डेव्हीचं एवढं कौतुक नको हां. १८७६ ची पद्धत ती, धर्माच्या २०० ते २९९ नंबरांत २२० ते २८० सगळं ख्रिस्ती, आणि आपला अख्खा हिंदू धर्म २९४.५, पॉइंटाच्या पलीकडे! आणि आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथननी १९३१ मध्येच लिहून ठेवलंय, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या वाचनालयात म्हातारी माणसं येतात ती नंबर बघतच नाहीत, थेट काउंटरवर विचारतात, 'बाय, नवीन काय आलंय?'

रॅकवाली:
त्याच रंगनाथननी दोन वर्षांनी कोलन वर्गीकरण ही स्वतःची नंबर पद्धत काढली, ते बघितलंत तर डेव्ही बालवाडीचा वाटेल. धर्माचं म्हणाल तर ते मान्य, तिथे डेव्ही वाकडाच आहे. पण दुकानवाले जे विषय वापरतात, बिसॅक म्हणतात त्याला, तीसुद्धा अमेरिकन पुस्तकधंद्याचीच यादी. त्यात अभंगाची गाथा कुठे घालणार, धर्मात की कवितेत?

सांगेचो वाचपी:
दोन प्रती घ्या, दोन्हीकडे ठेवा 😀

रॅकवाली:
बजेट तुम्ही देताय का?

आंगणांतलें पुस्तक:
मधे बोलते. मुलांच्या विभागात दुकानासारखंच हवं, माझी मुलगी डायनासोरचं चित्र बघून पुस्तक ओढते, तिला ५६७.९ सांगून काय उपयोग. पण मोठ्यांकडे 'इतिहास' एवढीच पाटी लावून सगळं एकत्र भरलं तर मागितलेलं पुस्तक काढून कोण देणार? दुकानात विक्रेता असतो आणि न खपलेला माल परत जातो, लायब्ररीत तीस वर्षांपूर्वीचं पुस्तकही जागेवरच सापडायला हवं.

पाटोकर:
बरं, मुलांचं मान्य झालं ना? मग कथा-कादंबरीचं करा. तिथे तसाही कोणी नंबर बघत नाही, लेखकाच्या नावानेच शोधतात.

रॅकवाली:
कथा-कादंबरी चालेल. पण आडनावाने लावायची की टोपणनावाने, ते आधी ठरवा.