जुनी पिकअप घ्यायची आहे, रास्त किंमत ठरवायची कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मालवाहतुकीसाठी जुनी पिकअप शोधतोय. दोन गाड्यांवर येऊन थांबलोय. दोन्ही एकाच मॉडेलच्या, डिझेल, इंजिनही तेच.

पहिली ५ वर्षांची. मीटरवर ६२,००० किमी, बाहेरून चकाचक. मालक बांधकामाचं साहित्य वाहायचा. दुसरी ७ वर्षांची, १,४८,००० किमी झालेली. हौद्याला पोचे, दारांचा रंग गेलेला, पण सर्व्हिसची बिलं तारीखवार फाईलला लावलेली. ती पार्सल घेऊन लांबच्या पल्ल्याला धावायची. पहिलीची मागितलेली किंमत १०० धरली तर दुसरीची ७० आहे.

मी दुसरीच्या खर्चाची यादी केली: टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, पोचे काढून रंग. सगळं मिळून २६ भरतात. म्हणून मालकाला ४४ सांगितले, तर तो म्हणाला, "मग नवीनच घ्या ना." माझ्या हिशेबात त्याला न पटण्यासारखं काय आहे? आणि कमी किलोमीटरसाठी ३० जास्त मोजणं योग्य आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

मालकाचं बरोबर आहे. जुन्या गाडीच्या बाजारभावात सरासरी झीज आधीच धरलेली असते. ७ वर्षांच्या गाडीचे टायर निम्मे झिजलेलेच असणार, म्हणून तर ती त्या भावात मिळते. तुम्ही कोऱ्या टायरची पूर्ण किंमत वजा केलीत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा कापली.

मी तीन कप्पे करतो. नेहमीची झीज (टायर, बॅटरी, ब्रेक) सरासरीपेक्षा जेवढी जास्त असेल तेवढीच कापायची. वेळ उलटून गेलेलं काम, जसं ठरलेल्या किलोमीटरला न बदललेला टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करणारा पट्टा), पूर्ण कापायचं. आणि ज्याची खात्री नाही, तिथे दुरुस्तीचा खर्च गुणिले ते बिघडलेलं निघायची शक्यता. क्लच आज ना उद्या जाईल असं वाटत असेल तर निम्मा धरा. रंगाला मालाच्या गाडीत मी काहीच कापत नाही.

आणि भाव जाहिरातीतल्या आकड्यावरून काढू नका. महिनोन्‌महिने पडून असलेली जाहिरात म्हणजे त्या किमतीला गिऱ्हाईक नाही. ज्या चार-आठ दिवसांत उतरतात त्यांच्याकडे लक्ष ठेवा, खरा भाव तिथे कळतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण पिकअपच्या बाबतीत किलोमीटरपेक्षा तिने ओझं किती उचललं ते आधी बघा. बांधकामाचं साहित्य ऐकूनच मी सावध झालो.

मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसा. पाटे (भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) रिकाम्या गाडीत थोडे कमानदार हवेत. सरळ झाले असतील किंवा उलटे वाकले असतील तर गाडी कायम ओव्हरलोड चाललीय. पाट्यांच्या वर चेसिसला रबराचा ठोकळा असतो, बंप स्टॉप. तो चेपलेला, फाटलेला, किंवा त्याच्या समोरचं लोखंड घासून चकाकत असेल तर पाटे वारंवार तळाला टेकलेत. मग केबिन आणि हौदा यांच्यातली फट बघा, वर आणि खाली सारखी हवी. वर रुंद, खाली अरुंद असेल तर चेसिस वाकल्याची शंका घ्या. पाटे चेसिसला जोडतात त्या हँगरजवळ वेल्डिंग किंवा नुसता तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग दिसला तर तार ब्रशने घासून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तरी उत्तर मिळालंच.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच बोनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट आत जातंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी; कधी नुसता तुंबलेला एअर फिल्टरही असतो, घाबरू नका. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. हलकी वाफ डिझेलला चालते. भकाभका बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

अजून एक. काही गाड्यांच्या मीटरमध्ये इंजिनचे तास दिसतात. दिसले तर किलोमीटरला तासांनी भागा, म्हणजे गाडी सरासरी किती वेगाने चाललीय ते कळेल.

प्रतिसाद ३

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा, फोटोवर नको. कर्जाचा बोजा उतरलाय का ते लेखी घ्या. त्याआधी इसार देऊ नका, भाव कितीही चांगला असो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल दोन्ही परत बघून आलो.

पहिलीचे बंप स्टॉप मागच्या बाजूला चेपून पसरलेत, उजव्या बाजूचा तर अर्धाच उरलाय. पाटे जवळजवळ सरळ. फट मला सारखी वाटली. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष): चारही गेल्या वर्षीचे. स्टेपनीसुद्धा मूळची नाही, २ वर्षांपूर्वीची. ६२,००० मध्येच सगळे टायर बदलले, मग मीटर मागे फिरवलाय का?

तास दोन्हींत दिसले. पहिली ३,९०० तास, दुसरी ३,५००. म्हणजे १,४८,००० किमी झालेल्या गाडीचं इंजिन कमी वेळ चाललंय! हे बरोबर आहे का?

दुसरीत धूर नाही, झाकण उघडल्यावर विशेष काही नाही. क्लच बराच वर धरतो, म्हणजे झिजला असावा. फाईलमध्ये टायमिंग बेल्टचं बिल मात्र सापडलं नाही.

प्रतिसाद २

बरोबर आहे. पहिली ताशी सरासरी १६, दुसरी ४२. पहिली इंजिन चालू ठेवून उभी राहिली आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओझं ओढत फिरली. दुसरी टॉप गिअरमध्ये पळाली. इंजिन, क्लच, गिअरबॉक्सला दुसरं आयुष्य कितीतरी सुखाचं.

टायरवरून मीटर फिरवला असं ठामपणे म्हणता येणार नाही. ओव्हरलोड गाडी ६२,००० मध्ये दुसरा संच सहज मागते. तिसरा असेल तर मात्र प्रश्न आहे. पेडलचं रबर, सीटची कड आणि गिअरच्या दांड्याची मूठ बघा, आणि सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागा. नोंदी नाहीत म्हणाला तर मी १०० काय, ८० लाही हात लावणार नाही. पाटे आणि त्यांचे रबरी बुश बदलता येतात, पण चेसिसला तडा असेल तर तो तुमच्या पदरात पडतो. फट "वाटली" यावर जाऊ नका, टेपने मोजा.

प्रतिसाद १

दुसरीचा हिशेब आता सोपा आहे. तशाच गाड्या किती सांगून कितीला जातात ते बघा. समजा ७० सांगून ६६ ला. त्यातून टायमिंग बेल्ट पूर्ण (आधी इंजिनात बेल्ट आहे की चेन ते मॅन्युअलमध्ये बघा, चेन असेल तर हा मुद्दाच नाही) आणि क्लच निम्मा कापा. बेल्टला ३ आणि निम्म्या क्लचला २ धरले तर ६१ येतात. बोलणी ५७ पासून सुरू करा, ६२ च्या वर जाऊ नका.

बोलताना यादी वाचून दाखवू नका, माणूस चिडतो. बेल्टचं बिल तेवढं मागा. सापडलं तर ३ तुम्ही सोडा, नाही सापडलं तर त्याने सोडावेत.

धागाकर्ता

हे पटलं. मॅन्युअल बघितलं, बेल्टच आहे. उद्या मेकॅनिकला घेऊन दुसरीकडे जातोय, आणि पहिलीवाल्याकडे नोंदी मागितल्या आहेत. अजून फोन नाही.