गुरुदत्तचे सिनेमे म्हणजे नुसतं दुःख?

चाफा:
परवा ‘प्यासा’ परत बघितला आणि दुसऱ्या दिवशी ‘कागज के फूल’, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. भाऊ म्हणतो, अगं तो भावनेच्या भरात वाहून जाणारा माणूस, स्वतःचं दुःख पडद्यावर ओतलं एवढंच. मला हे अजिबात पटत नाहीये पण का ते नीट सांगताही येत नाहीये. जाणकारांनी सांगा ना जरा.

रीळवेडा:
भावाला आधी ‘आर पार’ आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ बघायला सांग. हसतंखेळतं काम आहे सगळं, आणि १९५१ चा ‘बाजी’ तर चक्क क्राइम पिक्चर. हा माणूस अल्मोड्याला उदय शंकरांकडे नाच शिकलेला, मग पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत डान्स डायरेक्टर, देव आनंदशी दोस्ती तिथलीच. गाण्यात त्याचा कॅमेरा जसा पुढे-मागे सरकतो ना, तो नाच शिकलेल्या माणसाचाच वाटतो मला. नुसतं दुःख असून ‘प्यासा’ होत नाही हो, हात बसलेला लागतो.

सांजवेळ:
‘कागज के फूल’मधलं ‘वक्त ने किया’ गाणं घे. रिकामा स्टुडिओ, वरून उन्हाचा एक झोत, नायक-नायिका दोघं लांब उभे, हातसुद्धा लावत नाहीत एकमेकांना, फक्त त्यांच्या धूसर आकृत्या शरीरातून निघून एकमेकांकडे जातात. तो झोत खऱ्या उन्हाचा आहे! कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी दोन मोठे आरसे लावून ऊन आत आणलं होतं. त्यात भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे पडदा एवढा रुंद आणि त्यात ही दोन माणसं, मधली सगळी जागा रिकामी. ती रिकामी जागाच रडवते, संवाद नाहीच तिथे.

जुनाप्रेक्षक:
भावाचंही थोडं बरोबर आहे. ‘कागज के फूल’ उत्तरार्धात स्वतःच्याच दुःखात फिरत राहतो, मला तिथे तो लांबल्यासारखा वाटतो. १९५९ ला पिक्चर पडला आणि त्यानंतर त्याने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधीच लावलं नाही, १९६२ च्या ‘साहिब बीबी और गुलाम’वरसुद्धा अबरार अल्वींचं नाव आहे. १९६४ ला गेला तेव्हा फक्त ३९ वर्षांचा होता. एका अपयशाने एवढा मोडणारा माणूस भावनेवर जगणाराच म्हणायचा, पण म्हणून काम कच्चं होतं असं नाही.

चाफा:
सगळ्यांचे आभार! काल रात्री भावाला बसवलं आणि ‘वक्त ने किया’ आवाज बंद करून लावलं. गीता दत्तचा आवाज नाही, काही नाही, तरी गाणं संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, परत लाव, आता आवाजासकट.