मदत हवी आहे: तीन कॅलिबरच्या रायफलींसाठी पहिला सप्रेसर कोणता घ्यावा?

नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि रीतसर अर्ज करून पहिला सप्रेसर (नळीच्या टोकाला लावायचा, आवाज कमी करणारा भाग) घेण्याच्या विचारात आहे. १ जानेवारी २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा संघीय कर शून्यावर आला असला, तरी फॉर्म ४ (मालकी हस्तांतरणाचा संघीय अर्ज), बोटांचे ठसे, छायाचित्र आणि मंजुरीची प्रतीक्षा कायम आहे. म्हणून एकच नग सर्व रायफलींवर चालावा अशी इच्छा आहे.

माझ्याकडे .२२३ ची एआर-१५ (अर्धस्वयंचलित), ६.५ क्रीडमूर आणि .३०८ अशा रायफली आहेत. .३० कॅलिबरचा सप्रेसर कमी व्यासाच्या गोळ्यांनाही चालतो, फक्त आवाज किंचित जास्त येतो, एवढे माझ्या लक्षात आले आहे. खरा पेच धातूचा आहे. टायटॅनियम हलके असल्यामुळे रानडुकरांच्या शिकारीत क्रीडमूरवर सोयीचे पडेल; पण एआरवर सलग गोळ्या झाडल्यास ते तापून लवकर झिजते, तर इन्कोनेलचा (निकेलच्या मिश्रधातूचा) सप्रेसर टिकतो आणि नळीचे टोक जड करतो. शिवाय एआरमध्ये वायू मागे येऊन डोळ्यांना झोंबतो, तो त्रास वेगळाच.

.२२३ च्या नळीला १/२×२८ (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे) आणि बाकीच्या दोन्हींना ५/८×२४ असे आटे आहेत. अशा वेळी अडॅप्टर बदलत थेट आट्यांवर बसवावा, की प्रत्येक रायफलीला झटपट जोडणीचे माउंट लावावे? काढून पुन्हा बसवल्यावर नेम तिथेच राहतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.