जेनीचं झाड की जेनीचं फडकं?

पानगळ:
कालच्या पोस्टमध्ये म्हटलंय, झोरा नील हर्स्टनच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या अमेरिकन कादंबरीत नाशपतीचं झाड कळलं की नायिका जेनी कळली. अजिबात नाही! त्या झाडाखाली मोहोर आणि मधमाशा बघून प्रेमाची स्वप्नं रंगवते तेव्हा ती पोर सोळा वर्षांची. खरं प्रतीक डोक्याचं फडकं. नवऱ्याच्या दुकानात वॉल्टर नावाचा एक जण तिच्या वेणीला चोरून हात लावतो, नवरा जो स्टार्क्स ते बघतो आणि त्याच रात्री हुकूम सुटतो, केस बांध. वॉल्टरला एक शब्द नाही! हा जो स्टार्क्स मेल्यावर ती आरशासमोर केस सोडते, न्याहाळते, पुन्हा बांधते आणि मग खिडकी उघडून आक्रोश करते. अंत्यविधीनंतर सगळी फडकी जाळते. याहून मोठं काय हवं?

मोहोर:
पोस्ट माझीच. तिसरा नवरा टी केक आयुष्यात आल्यावर जेनीला मोहोरावरची मधमाशीच आठवते, ते पान गाळलंत का? झाड म्हणजे भाबडेपणा असता तर लेखिकेने ते इतक्या उशिरा परत आणलं नसतं.

पानगळ:
तीच मधमाशी, तो टी केक, तिला मारतो. जेनीचं लग्न आपल्या भावाशी लावू पाहणाऱ्या मिसेस टर्नरचा तो भाऊ आला म्हणून. जेनीने काही केलेलं नसतं, मालक कोण ते गावाला दाखवायचं असतं.

जुना वाचक:
कादंबरी १९३७ची. आजच्या मापाने मोजू नका.

ओसरी:
काळाचं मला सांगू नका. माझ्या आत्याला नवरा मारायचा आणि घरातल्या बायकाच म्हणायच्या, 'मारतो, पण जीव लावतो.' त्या प्रकरणात इतर पुरुष टी केकचा हेवा करतात. ते वाचलं आणि आत्याचं अंगण डोळ्यांपुढे आलं. चार दिवस पुस्तक मिटून ठेवलं होतं.

जुना वाचक:
तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटतं. पण विषय प्रतीकांचा होता.

ओसरी:
हाच विषय आहे! आणि जेनीच्या आजीला सगळ्यांनी सोडूनच दिलंत. गुलामगिरीत जन्मलेली, आठवड्याचं बाळ घेऊन मळ्यातून पळालेली बाई. काळी बाई म्हणजे जगाचं खेचर, हे तिने अंगावर भोगलंय. लोगनच्या, म्हणजे जेनीच्या पहिल्या नवऱ्याच्या, साठ एकरांवर ती नातीला देते, ते कठोर म्हणून नाही, घाबरलेली म्हणून. तिला झाड दिसलं नाही म्हणून नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

मोहोर:
मारहाणीचं मान्य करते. ती पानं मी भरभर उलटली होती. पण टी केक झोपलेल्या जेनीचे केस विंचरतो, तिथे तुमचं फडकं आणि माझं झाड एकत्र येतं, एवढं तरी द्या.

पानगळ:
देते. पण मारणारा हात तोच, हेही लिहा. आणि पहिलं प्रकरण पुन्हा काढा. जेनी ओव्हरऑल घालून ईटनव्हिलला, आपल्या गावी परतते, तेव्हा ओसरीवर बसलेल्या गावकऱ्यांना खुपतात ते चाळिशीच्या बाईचे पाठीवर सोडलेले केस. झाडाचं नाव कुणी काढत नाही.