चर्चा : कॅन्सर ट्रायलच्या अनुदान-अर्जांची छाननी नावं झाकून व्हावी का?

समन्वयक, टिळकवाडी

कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलसाठी (रुग्णांवर उपचार ताडून बघणाऱ्या चाचणीसाठी) अनुदानाचा अर्ज गेला की दोन-तीन बाहेरचे समीक्षक तो वाचून गुण देतात, मग समिती बसते. माझं म्हणणं असं की पहिल्या फेरीत अर्जदाराचं आणि संस्थेचं नाव झाकावं. चार पानं पुरेत: प्रश्न काय, कुठल्या रुग्णांना कुठला उपचार, मोजणार काय, रुग्णसंख्येचं गणित. त्यावरचे गुण पक्के झाले की मगच नावं उघडावीत.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातला निपाणी हा विडी-तंबाखूचा पट्टा. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इथल्या गावांतले, त्यांच्या अडचणी इथल्या. पण जिल्ह्याच्या ठिकाणचा अर्ज म्हटला की 'रुग्णभरती शंकास्पद' एवढी एक ओळ पुरते, तिच्यामागे आकडा नसतो. याच बेळगावातल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं माता-बालआरोग्याच्या आंतरराष्ट्रीय चाचण्या थेट गावपातळीवर चालवल्या आहेत, हे त्या ओळीत कुठं दिसतं?

आणि समीक्षकांच्या गुणांवर तरी किती विसंबायचं? अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४३ समीक्षकांना कॅन्सर संशोधनाचे २५ खरे अर्ज वाचायला दिले होते. एकाच अर्जावर त्यांचं आपसात जवळजवळ काहीच जमलं नाही.

सांख्यिकी, वडगाव

सर, तो अभ्यास अर्धाच सांगितलात. ते २५ अर्ज पुढं-मागं मंजूर झालेलेच होते. चांगल्या आणि चांगल्यामध्ये मतं फुटणारच. टाकाऊ अर्ज ओळखता येतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

आता भरतीचं बघू. नवा उपचार मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी कमी करेल असं धरलं, ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि दोन बाजूंनी ५ टक्के चूक (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) मान्य केली, तर सुमारे ३७९ मृत्यू नोंदले जाईपर्यंत उत्तर मिळत नाही. पाठपुराव्याच्या काळात निम्मे रुग्ण दगावतील असं मानलं तर ७५८ रुग्ण. १० टक्के गळती (मध्येच संपर्क तुटणारे रुग्ण) धरली तर ०.९ ने भागायचं, म्हणजे ८४३. (बरेच अर्ज इथं १.१ ने गुणतात आणि ८३४ लिहितात. छोटी चूक, पण सांख्यिकी कुणी बघितली की नाही ते लगेच कळतं.)

समजा एका केंद्रावर महिन्याला तोंडाच्या कॅन्सरचे २० नवे रुग्ण येतात. शस्त्रक्रियेजोगे ८. आधी कुठंतरी उपचार झालेले आणि किडनी बिघडलेले वगळले की ५. संमती देणारे ३. वर्षाला ३६. एकट्या केंद्राला २३ वर्षं लागतील! हे समीक्षकानं विचारायचं नाही, तर कुणी? नाव झाकलं की नेमकं हेच झाकलं जातं. अपुऱ्या संख्येची ट्रायल म्हणजे रुग्णांनी जोखीम घेतली आणि उत्तर मिळालं नाही. ते मला मान्य नाही.

निपाणीकर

गणित बरोबर आहे मॅडम, पण ते ३ आणि ५ अर्जात येतात कुठून? अंदाजानं. अर्जासोबत मागच्या सहा महिन्यांची ओपीडीची नोंद सक्तीनं मागा: किती आले, ट्रायलच्या निकषांत किती बसले, बाकीचे का बसले नाहीत. नावं झाकून पण ती जोडता येते.

मला खरी भीती बजेटच्या कात्रीची वाटते. समिती रक्कम कमी करताना पहिला हात घालते तो प्रवासभत्त्यावर आणि फिल्ड वर्करच्या पगारावर. औषध आणि तपासण्या तशाच राहतात, म्हणून कागदावर ट्रायल शाबूत दिसते. इकडं ऊसतोडीच्या हंगामात रुग्ण गाव सोडतो, किंवा त्रास वाढला की मिरज-कोल्हापूरला दाखल होतो. तिथं मृत्यू झाला तर आपल्या रजिस्टरला 'संपर्क नाही' एवढंच लागतं. तुमचे ३७९ मृत्यू मग मोजायचे कसे?

संमतीपत्राचंही तसंच. इथं मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, उलट भाषांतर करून ताळा घ्यावा लागतो, दुरुस्ती झाली की दोन्ही परत एथिक्स कमिटीपुढं. त्याचा खर्च आणि वेळ न धरलेला अर्ज बघून महानगरातल्या समीक्षकाला खटकत नाही. समितीत जिल्ह्यात काम करणारा एक तरी माणूस हवा, आणि रुग्णांच्या बाजूनं बोलणारा एक.

ऑन्कॉलॉजी, खानापूर रोड

निपाणीकर अण्णांच्या बजेटच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. नावं झाकण्याला विरोध. 'सीमाभागातले विडी कामगार' लिहिलं की अर्ज कुठला ते कुणालाही कळतं. देशात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ट्रायल करणारे लोक मोजके, ते एकमेकांची लिहिण्याची ढब ओळखतात.

माझ्या मते जास्त नुकसान 'नावीन्य' या निकषानं होतं. टाटा मेमोरियलची २०१५ ची ट्रायल बघा. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढायच्या, की दिसल्यावर? प्रश्न जुना, यंत्र नवं नाही, औषध नाही. तीन वर्षांनी जिवंत राहिलेले ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के. तिथलीच २०२० ची दुसरी: तोंडानं घ्यायच्या मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबची शिरेतून देण्याच्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाशी तुलना, ४२२ रुग्ण, मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) ७.५ महिने विरुद्ध ६.१. स्वस्त गोळ्यांच्या ट्रायलवर कुठली कंपनी पैसे घालणार? असे प्रश्न सरकारी किंवा धर्मादाय पैशावरच सुटतात, आणि नावीन्याच्या रकान्यात त्यांनाच कमी गुण पडतात. त्या जागी विचारावं: उत्तर 'हो' आलं काय, 'नाही' आलं काय, ओपीडीतला उपचार बदलेल का?

आणखी एक. समिती बसण्याआधी समीक्षकांचे शेरे अर्जदाराला द्यावेत, उत्तराला सात दिवस आणि दोन पानं. 'भरती शंकास्पद' ही ओळ तिथंच निकालात निघते.

समन्वयक, टिळकवाडी

डॉक्टर, उत्तराचा हक्क आणि अण्णांची ओपीडी-नोंद दोन्ही मान्य. नाव पूर्ण झाकलं जात नाही, हेही मान्य. क्रमावर मात्र मी ठाम आहे. अमेरिकेच्या एनआयएचनं (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२५ पासून संशोधकांची पात्रता आणि साधनसामग्री यांना वेगळे गुण देणं थांबवलं. ती पुरेशी आहे की उणीव आहे, एवढंच नोंदवतात. मोठ्या नावाला जादा गुण पडायची वाट त्यानं अरुंद होते.

सांख्यिकी, वडगाव

एकूण गुण देताना समीक्षक ती उणीव धरतोच, सर. आणि ट्रायलमध्ये 'पुरेशी' म्हणजे किती, तोच तर वाद आहे. मी म्हणेन, पैसे हप्त्यानं द्या. पहिल्या सहा महिन्यांत ठरलेल्या भरतीच्या निम्मीही झाली नाही, तर पुढचा हप्ता थांबवा. मग नाव झाका नाहीतर उघडं ठेवा.

निपाणीकर

आणि तोवर भरती झालेल्या रुग्णांचं काय? हप्ता थांबला की त्यांचा स्कॅनही थांबतो. आधी प्रत्येक रुग्णाच्या शेवटच्या भेटीपर्यंतचे पैसे वेगळे काढून ठेवायची अट घाला, मग हप्त्याचं बोलू.