१०० पैकी ८० वेळा जिंकतो, तरी वही मायनसमध्ये कशी?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. उपदेश भरपूर ऐकलाय, मला हिशेब हवाय म्हणून इथं विचारतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात प्रॉडक्शनचा हिशेब बघतो. सूत किती आलं, डझन किती उतरले, घट किती, सगळं माझ्या वहीत. त्यामुळं जे करीन ते लिहून ठेवायची खोडच लागलीय. चार महिन्यांपासून तो विमानाचा गेम खेळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आकडा १.०० पासून वर चढत जातो. विमान उडून जायच्या आत बटण दाबलं तर लावलेल्या पैशाला त्या आकड्यानं गुणून मिळतं. उडालं की गेलं.

सुरुवातीला ५ पट, १० पट व्हायची वाट बघत बसायचो. चार दिवसांत १८०० गेले. मग म्हटलं शिस्त लावू. ऑटो कॅशआऊट १.२० वर, म्हणजे आकडा तिथं पोचला की पैसे आपोआप निघतात, दर डावाला १०० रुपये, ना कमी ना जास्त. असे ४१२ डाव वहीत आहेत. त्यातले ३३२ जिंकलो. म्हणजे १०० ला ८० वेळा! कुठल्या धंद्यात असं यश मिळतं सांगा की. पण बेरीज केली तर वजा १३६०. दोनदा तपासली, चूक नाही.

मग माझं काय चुकतंय? १.२० च्या जागी १.५० किंवा २ वर काढावं का? आमच्यातला एक जण म्हणतो २ वर ठेव आणि हरलं की रक्कम डबल कर, कधीतरी लागतंच. आणि ५०० गेले की थांबायचं असा नियम केलाय, तो पुरेसा आहे का? जाणकारांनी सांगावं.

क्लासवाले_सर

तुमची वही बघून आनंद झाला, माझे बारावीचे विद्यार्थी एवढं नीट लिहीत नाहीत.

चूक तुमची नाही, आकड्याची आहे. असल्या गेममध्ये जाहीर केलेला परतावा, म्हणजे लावलेल्या पैशातून सरासरी परत मिळणारा भाग, साधारण ९७ टक्के असतो. तो धरला तर विमान एखाद्या आकड्यापर्यंत पोचण्याची शक्यता म्हणजे ९७ भागिले तो आकडा. १.२० साठी ८०.८ टक्के. तुमचे ३३२ म्हणजे ८०.६. अगदी बरोबर बसलं. आता बघा, १.२० वर जिंकलात की २० मिळतात, हरलात की १०० जातात. एक हार पाच विजय खाते. नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ८३.३ वेळा जिंकायला हवं. तुम्ही ८०.६ ला आहात.

बरं, १.५० घ्या. शक्यता ६४.७, हवी ६६.७. २ घ्या. शक्यता ४८.५, हवी ५०. १० घ्या. ९.७, हवी १०. कुठंही काढा, लावलेल्या प्रत्येक १०० मागं सरासरी ३ रुपये जातातच. १.२० वर गळती थेंबाथेंबानं होते आणि मध्येच एक बादली उपडी होते. १० वर बादल्याच जास्त. एवढाच फरक.

तुम्ही ४१२ गुणिले १००, म्हणजे ४१,२०० रुपये लावलेत. त्याचे ३ टक्के १२३६. तुमचे गेले १३६०. यात नशीब वाईट वगैरे काही नाही.

तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगतो. समजा सुतात ३ टक्के घट धरता. एकदा चढवलं, ३ गेले, ९७ राहिले, ठीक आहे. पण तेच सूत उकलून पुन्हा पुन्हा चढवलं तर? ५० वेळा चढवलं की १०० किलोचं सरासरी २२ किलोच्या आसपास उरतं. डाव १५-२० सेकंदांत संपतो, पुढचा लगेच सुरू. तासाला १५० डाव सहज. १०० रुपयांनी १५,००० ची उलाढाल, ४५० ची घट. खिशातून २००० काढलेत असं तुम्हाला वाटतं, पण मशिनवर १५,००० चढलेले असतात.

डबल करायचं विचारलंत म्हणून: १०, २०, ४० असं आठ वेळा हरलात तर शेवटचा डाव १२८० चा आणि एकूण गेले २५५०. कशासाठी? १० रुपये जिंकण्यासाठी. २ वर ओळीनं आठ हरणं सरासरी २०० मालिकांत एकदा घडतं. रोज तासभर बसणाऱ्याला त्यासाठी फार थांबावं लागत नाही.

गुरू_सिग्नल

भाऊ एवढं गणित कशाला. आपल्या टेलिग्राम चॅनेलला या, पुढच्या डावाचा आकडा आधी मिळतो. पहिले तीन सिग्नल फ्री.

हिंजवडीतला_सोलापूरकर

गुरुजी, पुढचा आकडा माहीत असता तर तुम्ही इथं सदस्य गोळा करत बसला असता का? फ्री सिग्नलची गंमत अशी की ३०० जणांना वेगवेगळे आकडे पाठवायचे. ज्यांचे लागले ते पैसे भरतात, बाकीचे चॅनेल सोडतात.

टॉवेलवाले, थोडं आतलं सांगतो, मी प्रोग्रॅमिंगमध्ये आहे. नीट बनवलेल्या गेममध्ये विमान कुठं उडणार ते डाव सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. सर्व्हरकडचा एक गुप्त आकडा आणि खेळाडूंकडचे काही आकडे एकत्र करून एसएचए नावाच्या पद्धतीनं त्याचा ठसा काढतात, त्यातून निकाल निघतो. डाव संपल्यावर तो ठसा कुणालाही तपासता येतो. पण तपासून कळतं एवढंच की मधे आकडा बदलला नाही. ३ टक्के त्या प्रामाणिक आकड्यातच बसवलेले असतात. आणि लिंकवरून उतरवलेल्या नकली ॲपमध्ये तर तेवढंही नसतं.

त्यामुळं वर जी मागच्या डावांची पट्टी दिसते, १.०४, १.३१, १.१२, आणि आपण म्हणतो ‘आता मोठा येणार’, ती पट्टी नुसती भिंतीवरची नक्षी. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ ला रूलेटवर ओळीनं २६ वेळा काळा आला. लोक लालवर पैसे वाढवत गेले आणि साफ झाले. चाकाला आठवण नसते, विमानालाही नाही.

मी स्वतः तीन आठवडे खेळलोय, त्यामुळं फार शहाणपणा सांगत नाही. मला काय बांधून ठेवत होतं ते सांगतो. एक, बटण आपल्या बोटाखाली असतं. लॉटरीत आपण काही करत नाही, इथं अंगठा थरथरतो, म्हणून कौशल्य असल्यासारखं वाटतं. दोन, आपण ३.२० ला काढलं तरी विमान स्क्रीनवर उडतच राहतं. जिंकलेला माणूस ते ४८ पर्यंत जाताना बघतो आणि हरल्यासारखा बसतो. तीन, बाजूला इतरांनी किती काढले त्याची यादी सरकत असते. हरलेल्यांचे पैसे त्यात डोळ्यात भरत नाहीत.

काउंटर_क्रमांक_३

मी सहकारी बँकेत आहे, शाखा सांगत नाही. गणित सरांनी सांगितलं, मी पैशाची वाट सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत किंवा ५० लाखांपर्यंत किंवा दोन्ही. बँकांनाही असे व्यवहार पुढं पाठवायला मनाई. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे खरं. पण म्हणूनच आता जे चालतं ते लिंकवर चालतं, आणि पैसे भरताना दर वेळी नवीन नाव येतं. कधी किराणा दुकान, कधी कुठल्या तरी गावचा माणूस. ती भाड्यानं घेतलेली खाती असतात.

आता तुम्ही ४००० जिंकलात आणि ते तुमच्या खात्यात आले. ते कुणाचे? अनेकदा दुसऱ्या कुणाची तरी फसवणूक करून आलेले. त्या माणसानं तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलिसांचं पत्र तुमच्या बँकेत येतं आणि रक्कम गोठते, कधी पूर्ण खातं. पगाराचं खातं असेल तर कर्जाचे हप्ते बाउन्स होतात. असे गिऱ्हाईक माझ्या काउंटरसमोर उभे राहिलेत. ‘साहेब मी तर जिंकलो होतो,’ म्हणतात.

आणि ‘पैसे काढायच्या आधी टॅक्स भरा’ असा मेसेज आला तर एक रुपया भरू नका. लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

मिलवाल्याचा_पोरगा

सर, आकडे भारी मांडलेत. मी आकड्यातला नाही, मी वहीतला.

आमचे बाबा मिलला होते. भोंगा झाला की माणसं सुटायची ती सरळ टपरीवर, ‘ओपन काय आला?’ मटक्याचं मूळच कापसात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव तारेनं मुंबईला यायचा, त्यावर पैजा लागायच्या. पुढं मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले, नंतर पत्ते. कापूस गेला, आकडा राहिला.

बाबांकडे लाल पुठ्ठ्याची वही होती. त्यात वर्षभराचे आकडे, निळ्या शाईत, सुंदर अक्षर. कुठल्या वाराला कुठली जोडी (दोन आकडी नंबर) फिरते, कुठला पाना (तीन आकडी नंबर) किती दिवस आला नाही. तिरक्या रेघा मारून ते ‘लाईन’ काढायचे. मला वाटायचं बाबा इंजिनीअर आहेत. गड्ड्याच्या जत्रेत एकदा जोडी लागली तेव्हा आम्हाला पाळण्यात तीनदा बसवलं, आईला पाटल्या करतो म्हणाले. पाटल्या कधी झाल्या नाहीत. ५० गेले की थांबायचं हा नियम त्यांचाही होता. ५० गेले की थांबायचे, आणि मग उधारीवर लावायचे. उधारी त्या ५० मध्ये धरत नव्हते ओ.

आई शाळा शिकलेली नव्हती. विड्या वळता वळता एवढंच विचारायची, ‘लागल्यालं सांगताव, न लागल्यालं कुठं ल्हिताव?’

टॉवेलवाले, वाईट मानू नका. तुमची वही आणि बँकेचं स्टेटमेंट कधी शेजारी ठेवून बघितलंत का?

टॉवेलवाला_सोलापूर

दोन दिवस उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफी. स्टेटमेंट काढलं.

कारखान्यात दर महिन्याला हे काम मी करतो. वहीतला माल आणि गोडाऊनमधला माल जुळवायचा, फरक आला की सुपरवायझरला धारेवर धरायचं. स्वतःचं कधी जुळवलं नाही.

चार महिन्यांत भरलेले वजा काढलेले: २३,४०० गेलेत. वहीतले १३६० आणि सुरुवातीचे १८०० सोडले तर २०,२४० उरतात. ते वहीत कुठंच नाहीत.

खरं सांगायचं तर कुठं आहेत ते मला माहीत होतं. शिस्तीचे डाव रात्री नऊ-दहाला, जेवण झाल्यावर, वही मांडीवर घेऊन. १.२० वर ओळीनं दोन गेले की ५०० चा नियम यायच्या आधीच डोकं फिरायचं. मग वही मिटून ठेवायचो. खरंच मिटायचो, पेन त्यात घालून. नंतर जे लावलं ते ‘असंच’ होतं, ते धरायचं नाही, असं मनात. स्टेटमेंटवर वेळा आहेत: ११.४८, १२.०५, १२.०९, १२.११, १.३०. एका रात्री २१ मिनिटांत ५०० चे सहा. त्या रात्री पोरगी तापानं फणफणली होती आणि मी औषध द्यायला जागा आहे म्हणून बायको झोपली होती.

सर, तुमचे ३ टक्के समजले. पण माझी घट त्या ३ टक्क्यांत मावत नाही. वही उघडी असते तेव्हा ३ टक्के. मिटली की किती, ते मोजायलाच मी नव्हतो.

ॲप काढलंय. लिंक व्हॉट्सॲपवर आहेच, ग्रुपमधून निघालो तर चारचौघं विचारतील, म्हणून अजून निघालो नाही. १४४१६ ला काल रात्री फोन लावला, टेलिमानसचा, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मराठीत बोलल्या बाई, ‘साहेब, घरात कुणाला माहीत आहे का?’ विचारलं. नाही म्हणालो.

काउंटर साहेब, एक विचारायचं होतं. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करायची तर शाखेत यावं लागतं का?

काउंटर_क्रमांक_३

बऱ्याच बँकांत ॲपमधूनच होतं. पण मग वाढवणंही रात्री पावणेबाराला ॲपमधूनच होतं, हे लक्षात घ्या. पगाराचं खातं वेगळं करून त्याला यूपीआय जोडूच नये, आणि खर्चापुरते दुसऱ्या खात्यात टाकावेत, हे मी सुचवीन. ते खातं दोघांच्या नावावर केलंत तर बरं. त्यासाठी वहिनींची सही लागेल, म्हणजे त्यांना सोबत आणावं लागेल.

साडेतीननंतर गर्दी कमी असते.

टॉवेलवाला_सोलापूर

सही लागतेच का?

काउंटर_क्रमांक_३

लागते.