१००८ जप आणि दहा बोटं

प्रत्येक बोटाला आधीच्या दुप्पट आकडा दिला की दहा बोटांवर १०२३ पर्यंत मोजता येतं. पण त्याचा उपयोग काय, असं कुणीतरी विचारलं. आई अंबाबाईच्या देवळात बसून १००८ जप करते. पेरांवर मोजताना आकडा हुकायचा, म्हणून तिला हीच रीत शिकवली. उजव्या अंगठ्याला १, मग २, ४, ८, करंगळीला १६. डाव्या अंगठ्याला ३२, तसंच दुप्पट करत करंगळीला ५१२. टेकलेल्या बोटांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे झालेले जप. दर जपाला उजव्या अंगठ्याकडून पहिलं न टेकलेलं बोट मांडीवर टेकवायचं, त्याआधीची सगळी उचलायची. (हवेत धरू नका, अनामिका एकटी नीट उठत नाही.) १०८ला दोन्ही हातांची दोन-दोन बोटं टेकतात. आणि १००८ला? डावा हात अख्खा, उजवी फक्त करंगळी! किती देखणं आहे हे! आठवड्याभरात आईच्या हातात बसलं.